अर्धवट बेदाण्याची वाईन

आमच्या मामांची तासगावच्या पुढं बेदाणा शेड आहे, त्यामुळे द्राक्ष वाळवणं म्हणजे घाईचं काम हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. फेब्रुवारी-मार्चात माल उतरला की क्रेटच्या क्रेट डिपिंगच्या टाकीत बुडवायचे, रॅकच्या जाळ्यांवर पसरायचे, आणि मग दोनेक आठवडे आभाळाकडं बघत बसायचं, कारण मधेच अवकाळी आला तर माल काळा पडतो आणि काळा पडला की भाव गेला. त्या दिवसांत मामांशी कुणी धड बोलत नाही.

तर अशा घरातला माणूस, म्हणजे मी, नोव्हेंबरात इटलीत वेरोनाच्या वरच्या डोंगरात एका घराच्या माळ्यावर उभा होतो आणि समोर तीच शेड होती. म्हणजे अगदी तीच नाही, जाळ्यांऐवजी बसके प्लास्टिकचे क्रेट एकावर एक, प्रत्येकात घडांचा एकच थर, काळी द्राक्षं, आणि खिडक्या सताड उघड्या. पण वास ओळखीचा. तिथल्या आजी एकेक क्रेट ओढून बुरशी लागलेले मणी बोटानं काढून टाकत होत्या. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाल्या पन्नास, आणि अजून तेवढेच जायचेत. मामांना रात्री फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अरे शंभर दिवस? मग ती माणसं झोपतात कधी?"

ती द्राक्षं ज्या वाईनसाठी वाळत होती तिचं नाव आमारोने. गार्दा सरोवर आणि लेस्सिनी डोंगर ह्यांच्या मधल्या वालपोलिचेल्ला नावाच्या पट्ट्यात ती होते, कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला ह्या तिथल्याच द्राक्षांपासून. द्राक्षं आधी झाडावर पिकवायची, मग तोडून तीन-चार महिने सावलीत वाळवायची आणि मग त्यांची वाईन करायची. ह्या वाळवण्याला ते अप्पासिमेंतो म्हणतात आणि वाळवायच्या माळ्याला फ्रुत्तायो. पूर्वी प्लास्टिकचे क्रेट नव्हते तेव्हा बांबू-बोरूच्या चटयांवर घड ठेवायचे, आरेले म्हणायचे त्यांना, आणि गंमत म्हणजे ह्याच चटया वर्षाच्या दुसऱ्या हंगामात रेशमाच्या अळ्या पाळायला वापरल्या जायच्या. शेतकरी कुठलाही असो, एक वस्तू एकाच कामाला वापरणं त्याला परवडत नाही.

आता मुद्दा असा की आपल्याकडं जे पंधरा दिवसांत होतं ते तिकडं शंभर दिवस का घेतं? ऊन आणि उकाडा हे एक कारण झालंच, तासगावचा मार्च कुठं आणि वेरोनाचा धुक्याचा डिसेंबर कुठं. पण खरी गोम द्राक्षाच्या सालीवर आहे. ताज्या द्राक्षावर बोट फिरवलं की पांढरट पावडर निघते ना, ते मेण असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्या एकमेकींवर कौलांसारख्या चढवलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी आत जात नाही आणि आतलं सहजासहजी बाहेर येत नाही. आपण डिपिंग करतो म्हणजे नेमकं काय करतो तर ही कौलं उचकटतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, ज्यात मुख्य काम इथाइल ओलिएटचं असतं, ह्यांच्या पाण्यात घड बुडवला की मेणाची पाणी अडवायची ताकद मोडते आणि पाणी भसाभसा उडून जातं. म्हणून बेदाणा हिरवट-सोनेरी राहतो, काळा पडायला वेळच मिळत नाही त्याला.

वालपोलिचेल्लात मेणाला हात लावत नाहीत. कोर्विनाची साल मुळात जाड, त्यावर कौलं शाबूत, बाहेर थंडी, त्यामुळे पाणी थेंबाथेंबानं जातं. आणि शेवटपर्यंत वाळवतही नाहीत. आपल्याकडं चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो, तिकडं वजन साधारण ३० ते ४० टक्के घटलं की पुरे. म्हणजे ना द्राक्ष ना बेदाणा, मधलंच काहीतरी, सुरकुतलेलं, दाबलं तर अजून रस देणारं.

ह्या संथपणाचा फायदा काय, नुसतं पाणीच घालवायचं तर ड्रायर लावून आठवड्यात होईल की, असं मलाही वाटलं होतं. पण तोडलेलं द्राक्ष मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं, साठवलेलं मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं आम्ल, ते जाळून जगत असतं, आणि पाणी कमी पडायला लागलं की पेशींची धावपळ सुरू होते. वेरोना विद्यापीठातल्या संशोधकांनी वाळत्या कोर्विनाची जनुकं तपासली तेव्हा दिसलं की ह्या काळात कितीतरी जनुकं नव्यानं चालू होतात. त्यात स्टिल्बीन गटातली संयुगं बनवणारी पण आहेत, आपल्याला बातम्यांमधून माहीत असलेलं रेझ्व्हेराट्रॉल ह्याच गटातलं (लगेच तब्येतीला चांगली म्हणून बाटली आणू नका, दारू ती दारूच). वासाची संयुगंही ह्याच काळात बदलतात, ताज्या फळाचा वास मागं पडतो आणि सुक्या चेरीचा, अंजिराचा, मनुकांचा वास पुढं येतो. भट्टीत वाळवलं तर पेशींना हे सगळं करायला सवड कुठली मिळणार! बहुतेक म्हणूनच तिथल्या कायद्यानंही घाईला लगाम घातलाय, १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं साधारणपणे चिरडताच येत नाहीत, हवामानामुळं खास परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी.

आणि ही पद्धत आजकालची नाही बरं का. ६ व्या शतकात, इटलीवर तेव्हा राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ राजांच्या दरबारातला मंत्री कासिओदोरस ह्यानं वेरोनाकडच्या अशाच सुकवलेल्या द्राक्षांच्या वाईनचं पत्रात तोंड भरून वर्णन केलंय, राजाच्या पंगतीसाठी मागवायची होती त्याला.

डिसेंबर-जानेवारीत द्राक्षं चिरडली की साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या यीस्टचे हाल सुरू होतात. लोणच्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवल्यावर कसं पाणी सुटतं, तसं ह्या घट्ट गोड रसात पडलेल्या यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यावर उपाय म्हणून यीस्ट आपल्या पोटात ग्लिसरॉल तयार करून साठवतं, म्हणजे आतलं पाणी आत राहील. पण ग्लिसरॉल बनवताना पेशीचा रासायनिक हिशोब बिघडतो आणि तो जुळवायला तिला थोडं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल, सोडावं लागतं. आमारोनेला नाक लावल्यावर जी हलकीशी झिणझिणी येते तिच्यात ह्याचा वाटा आहे. जास्त झाली तर दोष, बेताची असली तर रुबाब.

हिशोब करून बघा, साधारण १७ ग्रॅम साखरेमागं लिटरभर वाईनमध्ये १ टक्का अल्कोहोल तयार होतं. १६ टक्क्यांची वाईन हवी तर लिटरमागं २७० ग्रॅमच्या वर साखर लागणार, जी पाणी उडाल्याशिवाय तिकडच्या हवेत मिळणं अवघड. त्यात थंडी, त्यामुळे फर्मेंटेशन रेंगाळत महिना-दीड महिना चालतं, आणि अल्कोहोल वाढेल तसं यीस्टच गुदमरायला लागतं. बऱ्याचदा ते मधेच मान टाकतं आणि साखर शिल्लक राहते. अशी गोड राहिलेली वाईन म्हणजे रेचोतो, आणि शेकडो वर्षं वालपोलिचेल्लाची शान तीच होती. आमारोने हे खरं तर बिघडलेलं रेचोतो!

गोष्ट अशी सांगतात की १९३६ साली वालपोलिचेल्लातल्याच नेग्रार गावच्या सहकारी वायनरीत रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं, यीस्टनं सावकाश सगळी साखर खाऊन टाकली, आणि तळघर सांभाळणाऱ्यानं चव घेऊन म्हटलं की ही आमारो नाही, आमारोने आहे. आमारो म्हणजे कडू, आमारोने म्हणजे मोठ्ठी कडू. गोष्ट खरी किती आणि रंगवलेली किती कुणास ठाऊक, पण शास्त्र बरोबर आहे. कडवटपणा रेचोतोतही असतोच, साखर तो झाकते. मेथीच्या लाडवात गूळ कमी पडला की मेथी जशी डोकं वर काढते तसंच इथं होतं, वर अल्कोहोलची स्वतःचीही थोडी कडू चव असते. चुकून झालेल्या ह्या वाईनला २०१० पासून डीओसीजी हा इटलीचा सगळ्यात वरचा दर्जा आहे.

पुढं ती किमान दोन वर्षं लाकडात-तळघरात मुरते, रिझर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर चार. जुन्या पद्धतीचे लोक मोठमोठी स्लाव्होनियन ओकची पिंपं वापरतात. मोठ्या पिंपात वाईनच्या मानानं लाकडाचा स्पर्श कमी, त्यामुळे व्हॅनिलाचा वास चढत नाही, नुसता ऑक्सिजन हळूहळू झिरपतो. नेग्रारचे जुझेप्पे क्विंतारेल्ली, २०१२ मध्ये वारले, हे तर ह्या सबुरीचं टोक होते, त्यांची आमारोने सात-सात वर्षं पिंपात राहायची. उरलेला चोथा पण टाकत नाहीत, त्यावर साधी वालपोलिचेल्ला वाईन ओततात, चोथ्यातली उरलीसुरली साखर परत आंबते आणि रंग-चव उतरते, तिला रिपास्सो म्हणतात. खिशाला परवडणारी म्हणून मी बहुतेकदा तीच घेतो.

ग्लास हलवला की काचेवरून ओघळ उतरतात, ते बघून जाणकार मंडळी "काय ग्लिसरॉल आहे!" असं म्हणतात. ते ग्लिसरॉलमुळं नाही हो. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल भराभर उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो आणि तो खालची वाईन वर ओढतो, वर साठली की ती ओघळते. हे जेम्स थॉमसन ह्यांनी १८५५ मध्येच सांगून ठेवलंय, पण पार्टीत कोण ऐकतंय.

आता जेवणाचं. ह्या वाईनमध्ये तीन गोष्टी जोरात आहेत, अल्कोहोल, टॅनिन आणि सुक्या फळांचा वास, त्यामुळे नाजूक पदार्थ तिच्यापुढं झोपतो. टॅनिन म्हणजे जांभूळ किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ते काम करणारं. लाळेतली जी प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात त्यांना टॅनिन चिकटतं, त्यांचा साका होतो आणि तोंड कोरडं पडतं. चहात दूध घातल्यावर तुरटपणा का जातो, तर टॅनिनला चिकटायला दुधातलं केसीन हे प्रथिन मिळतं, लाळ वाचते. शिवाय २०१२ मध्ये करंट बायॉलॉजी ह्या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात दिसलं की तुरट घोट एकामागून एक घेतले तर तुरटपणा साचत जातो आणि मधे स्निग्ध घास घेतला की दोन्ही एकमेकांना तोडतात. तेल-तुपाचा मेणचटपणाही कमी, तुरटपणाही कमी.

वेरोनाच्या लोकांनी हे प्रयोगाशिवायच ओळखलंय. तिथला नावाजलेला पदार्थ पास्तिसादा दे कावाल, म्हणजे घोड्याचं मांस वाईनमध्ये मुरवून तासन् तास शिजवलेलं, सोबत पोलेंता, मक्याच्या पिठाचा घट्ट हाटलेला गोळा. दंतकथा अशी की ४८९ साली ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक आणि तेव्हाचा इटलीचा राजा ओडोआसर ह्यांच्या लढाईत मेलेली घोडी वाया जाऊ नयेत म्हणून हा निघाला. (मी खाल्लं का? नाही. बीफचा ब्राझातो खाल्ला, तोही तसाच शिजवतात.) इतका वेळ शिजल्यावर मांसातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, म्हणजे रस्सा ओठाला चिकटतो तसा, आणि ते जिलेटिन टॅनिनला धरून ठेवतं. दुसरा आमारोनेचा रिसोत्तो, म्हणजे तिकडचा मऊ भात, इसोला देल्ला स्कालाकडच्या व्यालोने नानो तांदळाचा, वाईन घालून जांभळा झालेला, शेवटी लोणी आणि चीज. शाकाहाऱ्यांनी हाच खावा, किंवा मोंते वेरोनेसे नावाचं मुरलेलं चीज नुसतंच, त्यात फॅट, प्रथिनं आणि मीठ तिन्ही आहेत, आणि मीठ कडूपणा दाबतं.

मी मात्र इकडं आल्यावर शहाणपणा केला. आणलेली बाटली तांबड्या रश्श्याबरोबर उघडली. पहिल्या घोटात डोळ्यातनं पाणी. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ ह्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं, आणि अल्कोहोल त्याच ग्राहीला आणखी हळवं करतं. एरवी जो ४२ अंशाच्या आसपास जागा होतो तो अल्कोहोल असताना ३४ अंशालाच बोंब मारतो, म्हणजे स्वतःच्या तोंडाचीच उष्णता भाजायला लागते. त्यात मी बाटली तशीच टेबलावर ठेवलेली, एप्रिल महिना. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची हे खरं, पण ते रूम त्यांच्या दगडी घरातलं, १८ अंशांचं, सांगलीतलं नाही!

उरलेली अर्धी बाटली फ्रीजमधनं मामांकडं नेली. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "शेडचा वास आहे." मग समोरच्या वाटीतले चार बेदाणे तोंडात टाकले, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. गोड खाल्ल्यावर न-गोड वाईन आणखी आंबट-कडू लागते, मला थांबवायला हवं होतं पण उशीर झाला होता.

"कडू आहे की रे," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, नावच ते आहे तिचं."

त्यांनी तोंडातला बेदाणा गिळला, ग्लास माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, "डिपिंग का करत नाहीत ही लोकं?"