पाठ न टेकता लढायचं: बटरफ्लाय गार्डची पार्श्वभूमी

तालमीत वाढलेला पोरगा अंधेरी-गोरेगावातल्या एखाद्या बीजेजे, म्हणजे ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या क्लासमध्ये पहिल्यांदा येतो, तेव्हा एक दृश्य बघून तो चक्रावतोच. समोरचा गडी आपणहून खाली बसतो, पाय पसरतो आणि वर 'ये' म्हणून खुणावतो. आपल्याकडे कुस्ती तिथे संपते. चितपट होणं, अस्मान दाखवणं, पाठीला माती लागणं, हरण्याचे आपले सगळे शब्द पाठीशी बांधलेले आहेत. ब्राझिलियन जिऊ-जित्सूत मात्र खाली पडलेल्याची लढाई तिथून सुरू होते आणि त्याच्या पायांच्या आडोशाला 'गार्ड' म्हणतात.

या गार्डच्या डझनभर जाती आहेत. त्यातला बटरफ्लाय कुस्तीच्या माणसाला लवकर पटतो, कारण त्यात खाली बसायचं असतं, आडवं व्हायचं नसतं. गुडघे बाहेर पडलेले, दोन्ही पावलं आत, समोरच्याच्या मांड्यांना आतून अडकवलेली. या अडकवलेल्या पावलांना 'हुक' म्हणतात. योगाच्या क्लासात बद्धकोणासनाला हल्ली 'बटरफ्लाय'च म्हणतात, साधारण तीच बैठक. पोर्तुगीजमध्येही नाव तेच, 'बोर्बोलेता', म्हणजे फुलपाखरू.

हा डाव कुणा एकाच्या नावावर नाही. मूळ शोधायचं तर जपानपर्यंत जावं लागतं. जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत कोदोकान सुरू केलं आणि जुन्या जुजुत्सूतून जुडो घडवला. त्यात 'सुमी गाएशी' नावाची फेक आहे. सुमी म्हणजे कोपरा. फेकणारा स्वतःच मागे पडतो, पडता पडता पावलाचा वरचा भाग समोरच्याच्या मांडीत आतून घालतो आणि त्याला आपल्या डोक्यावरून तिरकं भिरकावतो. ही फेक उभ्याने न मारता बसून मारली की बटरफ्लायचा मुख्य स्वीप, म्हणजे खालून समोरच्याला उलटवून वर येण्याचा डाव, जवळपास तयार होतो. जपानी उच्चशाळांमध्ये 1914 पासून कोसेन जुडोच्या स्पर्धा सुरू झाल्या. तिथे फेक न मारताच खाली जायला मुभा होती. साहजिकच बसून, लोळून लढण्याचं तंत्र त्या पोरांनी खूप पुढे नेलं.

त्याच सुमारास मित्सुयो माएदा हा कोदोकानचा जुडोपटू जगभर कुस्त्या मारत ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलें शहरात स्थिरावला. कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होता, त्यामुळे खालून लढण्यावर ग्रेसी घराण्याचा भर वाढत गेला. पण त्यांचं लाडकं हत्यार होतं क्लोज्ड गार्ड, म्हणजे समोरच्याच्या कमरेला पायांची मिठी. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेनव्हरमध्ये यूएफसी ही ठोसे-लाथा-पकड सगळं चालणारी स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि हॉयस ग्रेसीने ती जिंकली, तेव्हापासून जगाच्या डोक्यात गार्ड म्हटलं की ही मिठीच बसली. ठोसे चालणाऱ्या लढतीत ती सोयीचीही होती, समोरचा घट्ट धरून ठेवता येतो.

नुसत्या पकडीच्या स्पर्धा वाढल्या तसं चित्र बदललं. आयबीजेजेएफ या बीजेजेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली जागतिक स्पर्धा 1996 साली रिओत झाली. खालून उलटवून वर आलं की 2 गुण. गुण मिळतात म्हटल्यावर उलटवण्याचे प्रकार वाढणारच. त्यातले बरेचसे कपड्यावर, म्हणजे जुडोसारख्या 'गी' या पोशाखावर अवलंबून आहेत. बाही धरा, कॉलर धरा, पँट धरा. कपडा काढून घेतला की अर्धे गार्ड पांगळे होतात. माझ्या मते बटरफ्लायचं खरं मोठेपण इथे आहे.

दोन माणसांची उदाहरणं घेतली की हे कळतं. ग्रेसींचा नातलग जाँ जाक माशादो याच्या डाव्या हाताची मधली बोटं जन्मतःच नाहीत. त्या हाताने बाही-कॉलर आवळणं शक्य नव्हतं. मग समोरच्याच्या बगलेखालून हात घालून त्याचं धड कवटाळायचं, म्हणजे अंडरहुक, ही त्याची पकड झाली. 1999 साली अबू धाबीत, गीशिवाय लढल्या जाणाऱ्या एडीसीसी या पकडीच्या स्पर्धेत तो आपल्या वजनगटात जिंकला. दुसरा मार्सेलो गार्सिया, मिनास जेराइसचा. 2003 ची एडीसीसी साओ पावलोत होती. 20 वर्षांचा हा पोरगा बदली खेळाडू म्हणून आत आला, हेंझो ग्रेसीला हरवून पुढे गेला, नावाजलेल्या शाओलिन हिबेरोला काही सेकंदांत गळ्याच्या फासात बेशुद्ध केलं आणि 77 किलो गट जिंकला. पुढे 2005, 2007 आणि 2011 लाही. आपल्याहून कितीतरी वजनदार माणसांना तो याच बैठकीतून उचलायचा आणि उचलून झालं नाही तर त्यांच्या खाली घुसून एक्स गार्डमध्ये, म्हणजे उभ्या माणसाच्या पायाभोवती आपल्या पायांची फुली घालण्याच्या बैठकीत, जायचा.

उचलायचा कसा, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. बटरफ्लायमध्ये पाठ सरळ ठेवून ऐटीत बसणारा हमखास आडवा होतो. पोक काढायचा, कपाळ समोरच्याच्या छातीला किंवा हनुवटीखाली टेकवायचं. अंडरहुक घालताना खांदा आधी शिरला पाहिजे, संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये घालतो तसा. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट किंवा कोपर धरून ठेवायचं. ते सुटलं, तर तो हात जमिनीवर टेकवतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मग पडायचं, पण सरळ मागे नाही. हात धरलेल्या बाजूला, खांद्यावर. त्या बाजूचा पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचा हुक वर. शिकाऊ माणूस इथे पायाच्या ताकदीने ढकलायला जातो आणि मांडी भरून येते. वजन पाय उचलत नाही. आपलं बूड त्याच्या वजनाखाली सरकलं की तो आपोआप पुढे कलतो, हुक फक्त दिशा देतो. तीच सुमी, तोच कोपरा.

गेल्या दहा-बारा वर्षांत तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या जॉन डॅनहरच्या शिष्यांनी याच हुकांवरून समोरच्याच्या पायांत शिरून टाचेची पकड घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बटरफ्लायला नवा जन्म मिळाला. तो विषय स्वतंत्र आहे.

मुंबईत हे सगळं उशिरा आलं. इथली जुनी परंपरा गिरणगावातल्या तालमींची. सातारा-कोल्हापूरकडून आलेला गिरणीकामगार पाळी संपवून तिथे घुमायचा. साताऱ्याच्याच गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला गेले, तेव्हा माती सोडून मॅटवर लढणंच नवीन होतं. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य आणलं. मिक्स्ड मार्शल आर्ट्सची हवा इथे जोरात वाहिली ती 2012 साली सुपर फाइट लीगची पहिली रात्र अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये झाली तेव्हा. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत जुजित्सू आल्यावर घरच्यांना सांगायलाही एक कारण मिळालं.

आमच्या क्लासात पावसाळ्यात नो-गीच, म्हणजे गीशिवायचाच सराव, जास्त चालतं. कारण तात्त्विक वगैरे काही नाही. जुलैत गी दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी तिच्या वासाने पार्टनर मिळत नाही. घामाने अंग निसरडं झालं की मनगटाची पकड सुटते, अंडरहुक टिकतो. म्हणून नव्या माणसाला क्लोज्डनंतर लगेच बटरफ्लाय दाखवतात.

मध्यंतरी सांगलीकडचा एक पैलवान यायचा, दिवसा सिक्युरिटीची ड्युटी करून. पाठ टेकवायची नाही हे त्याच्या हाडात होतं, म्हणून तो आडवा कधी पडला नाही. पण बाजूलाही पडेना. हुक लागलेले, समोरचा कललेला आणि हा ताठ. सर ओरडायचे, "अरे पड! पड ना!" त्याला महिना लागला. अंडरहुक मात्र कुणाला शिकवावा लागला नाही.