स्वप्नाचं फळ आणि स्वप्नाचा अर्थ

नागपूरला बर्डीच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात दोन जातीची पुस्तकं हमखास शेजारी-शेजारी सापडतात. एक पातळ, पिवळट कागदाचं. साप दिसला तर काय, दात पडला तर काय, लग्न दिसलं तर काय, अशी त्यात यादी असते. दुसरं गुळगुळीत मुखपृष्ठाचं, 'सुप्त मनाची शक्ती' छापाचं. साप आणि दात त्यातही असतात, फक्त 'धनलाभ'च्या जागी 'दडपलेली भीती' आलेली असते. विक्रेता दोन्ही एकाच भावात देतो आणि त्याचं फारसं चुकत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या 'तुमचं स्वप्न काय सांगतं' छापाच्या चित्रफिती याच दोन पुस्तकांच्या पोटी जन्मल्या आहेत.

पिवळ्या पुस्तकाचं मूळ पुराणांमधल्या स्वप्नाध्यायांत आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ वर्षात, दुसऱ्यातल्याचं सहा महिन्यांत, तिसऱ्यातल्याचं तीन महिन्यांत, हा हिशेब तिथला. पहाटेचं स्वप्न खरं होतं, ही घराघरांतली समजूत त्याच हिशेबाचं शेवटचं टोक. पांढरा साप उजव्या हाताला चावला तर दहा दिवसांत मोठा धनलाभ, असंही तिथे आहे. पण सगळी जुनी विद्या अशी यादीबाज नव्हती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, कल्पनेतलं, पुढचं सांगणारं आणि शरीरातल्या बिघाडातून येणारं. यातले पहिले पाच प्रकार वैद्यानं निष्फळ समजावेत, असा तिथे स्पष्ट निर्वाळा आहे. 'प्रार्थित', म्हणजे इच्छेतून आलेलं स्वप्न, या निष्फळांतच मोडतं. पुढच्या काळात सगळा वाद याच निष्फळ ठरवलेल्या स्वप्नावरून व्हायचा होता.

मराठीत स्वप्नाला आणखी एक दार आहे, ते म्हणजे दृष्टांत. देवीनं दृष्टांत दिला की कोराडीला जाऊन ओटी भरायची, हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. देहूच्या संतकवींना गुरूपदेश स्वप्नात झाला आणि अभंग रचण्याची आज्ञाही स्वप्नातच मिळाली, हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवलं आहे. दृष्टांताला अर्थ लावावा लागत नाही, तो थेट बोलतो. मोडतोड करून वाचायचं ते स्वप्न वेगळं. हा भेद पुढे ज्यांनी मानसशास्त्राची पुस्तकं मराठीत आणली त्यांनी फारसा मनावर घेतला नाही.

आता व्हिएन्ना. तिथल्या डॉक्टरांचा, म्हणजे सिग्मंड फ्रॉइड यांचा, स्वप्नांचा अर्थ लावणारा ग्रंथ नोव्हेंबर 1899 मध्ये बाजारात आला, पण मुखपृष्ठावर 1900 हे साल छापलेलं होतं. पहिली आवृत्ती 600 प्रतींची, आणि ती खपायला आठ वर्षं लागली. ग्रंथाच्या नावातला 'ट्राउमडॉइटुंग' हा जर्मन शब्द ज्योतिषी आणि स्वप्नफल सांगणाऱ्यांच्या बाजारातलाच होता. आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकानं प्रबंधाला 'स्वप्नफल' नाव द्यावं, तसं. डॉक्टरांनी ते जाणूनबुजून केलं. विद्वान हसतात त्या अडाणी समजुतीत तथ्य आहे, स्वप्नाला अर्थ असतो, एवढं त्यांना त्या समजुतीकडून घ्यायचं होतं. मात्र फळ पुढे असतं आणि अर्थ मागे. ग्रंथाचा सगळा रोख मागे, म्हणजे काल दिवसभरात घडलेलं आणि लहानपणी पुरलेलं, यांच्याकडे होता. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, हा त्यांचा सिद्धांत. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण त्या सिद्धांताच्या अर्ध्यापर्यंत पोचते. उरलेलं अर्धं असं की मनी वसतं ते स्वप्नी जसंच्या तसं दिसत नाही. दोन माणसांचा एक माणूस होतो, महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात जाते आणि फालतू गोष्ट मधोमध येऊन बसते.

प्रतीकांची यादी या ग्रंथात सुरुवातीला जवळपास नव्हतीच. 1909 आणि 1911 च्या आवृत्त्यांत ती फुगत गेली आणि 1914 मध्ये तिला स्वतंत्र विभाग मिळाला. काठी, छत्री, पेटी, जिना, घर. घर म्हणजे शरीर, ही कल्पना डॉक्टरांनी 1861 च्या एका जर्मन पुस्तकातून घेतली आणि ते ऋण मान्यही केलं. नऊ दारांच्या नगरीतला देही आपल्याला गीतेपासून ठाऊक असल्यानं हे प्रतीक मराठी वाचकाला परकं वाटत नाही. पण यादी वाढवत असतानाच डॉक्टर बजावत राहिले, की स्वप्न पाहणाऱ्याला त्या वस्तूवरून काय-काय आठवतं ते आधी विचारा, यादी त्यानंतर. लोकांनी यादी घेतली आणि विचारणं सोडलं. फूटपाथवरची दोन पुस्तकं शेजारी आली ती तिथून.

मराठीत हा विषय अडतो तो मात्र यादीपाशी नाही, एका शब्दापाशी. आपलं आपल्यालाच न कळणाऱ्या ज्या मनाबद्दल (इंग्रजीत 'अनकॉन्शस') हे सगळं चाललं आहे, त्याला म्हणायचं काय?

मी बरीच वर्षं नागपुरात मानसशास्त्र मराठीतून शिकवलं. एकाच वर्गातल्या वह्यांमध्ये चार-चार शब्द यायचे. मराठी क्रमिक पुस्तकं वाचणारा 'अबोध' लिहायचा. हिंदी माध्यमातून आलेला 'अचेतन', कधी 'अवचेतन'. साहित्य समीक्षेचं वाचन असलेली एखादी मुलगी 'नेणीव' लिहायची. आणि बाकी सगळे, शिक्षकांसकट, बोलताना 'सुप्त मन' म्हणायचे. एका परीक्षकांनी 'नेणीव' लिहिलेल्या उत्तराखाली लाल रेघ ओढून 'पारिभाषिक शब्द वापरा' असा शेरा मारला होता. उत्तर बरोबर होतं. गुण कापले गेले.

चारही शब्द नागपुरात का भेटतात, त्याला शहराचा इतिहास कारण आहे. 1956 पर्यंत हे मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या राज्याचं राजधानीचं शहर होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे एका भाषापंडितांनी सरकारी पाठबळावर इथेच बसून इंग्रजी-भारतीय महाकोश रचला आणि संस्कृत धातूंतून हजारो शब्द घडवले. राज्य बदललं, नागपूर मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलं, आणि परिभाषा मुंबई-पुण्याकडून येऊ लागली. जुने शब्द मात्र बोलण्यात राहिले. मनोरुग्णालयाचं सरकारी नाव काहीही असो, चौकाचं नाव अजून पागलखाना चौकच आहे, तसंच हे.

एकेक शब्द घेऊ. 'अचेतन' मराठीत दगडाला लावतात. सचेतन आणि अचेतन, जिवंत आणि निर्जीव. ज्या मनाची ख्याती रात्रभर कारस्थानं करण्याबद्दल आहे, त्याला निर्जीव म्हणायचं? 'अबोध' म्हणजे निरागस, अजाण बालक. दडपलेल्या वासनांचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून 'सर, अबोध म्हणजे निरागस ना?' असा प्रश्न आला होता. वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. 'अवचेतन' म्हणजे चेतनेच्या खालचं, आणि ही 'खालचं मन' वाली कल्पना तर व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी नावानिशी नाकारली होती.

सगळ्यांत लाडका 'सुप्त', आणि माझ्या मते सगळ्यांत घातकही तोच. मांडूक्य उपनिषदात सुषुप्तीची व्याख्या आहे, की झोपलेला जिथे कसलीच इच्छा करत नाही आणि कसलंच स्वप्न पाहत नाही ती अवस्था. तिथला झोपलेल्यासाठीचा शब्द 'सुप्त' हाच आहे. इच्छा नाही, स्वप्न नाही. आणि आपण इच्छा आणि स्वप्नं जिथून उगवतात त्या जागेलाच सुप्त म्हणून बसलो. गोंधळ इथेच थांबत नाही. स्वप्नाच्या दिसणाऱ्या गोष्टीमागे दडलेला जो आशय, त्याला पुस्तकांत 'सुप्त आशय' म्हणतात, आणि तिथे तो शब्द चपखल आहे, कारण सुप्त गुण किंवा सुप्त ज्वालामुखी म्हणताना आपल्याला दडलेलं असंच म्हणायचं असतं. आशयाचा शब्द मनाला चिकटला. मग 'सुप्त मन जागं करा' अशी शिबिरं निघाली. सिद्धांत असा की ते जागंच असतं, झोपतो तो त्याच्या दारावरचा, नको त्या इच्छा अडवणारा पहारेकरी.

उरला 'नेणीव'. जर्मन मूळ शब्दाच्या पोटात 'जाणणे' हे क्रियापद आहे, 'चेतना' नाही. त्याचा सरळ अर्थ न जाणलेलं. नेणणे, नेणता, नेणीव ही शब्दांची ओळ मराठीत ज्ञानेश्वरांच्या काळापासून नांदते आहे आणि हरिपाठात जाणीव-नेणीव ही जोडी म्हणतच आपण मोठे झालो. इंग्रजीच्या आडवळणानं न जाता थेट जर्मनला भिडणारा शब्द घरातच होता. त्याला दोष नाही असं नाही. संतांची नेणीव म्हणजे अज्ञान, एक अभाव, आणि मानसशास्त्रातली नेणीव म्हणजे कामाला लागलेली शक्ती. तरीही समीक्षकांनी 'सामूहिक नेणीव', म्हणजे सगळ्या माणसांना समान असलेली नेणीव, रुळवून दाखवली आणि कुणाचं काही अडलं नाही. बोलीत तर 'नकळत' आहेच. 'माझ्या तोंडून नकळत निघून गेलं' या वाक्यात अर्धा सिद्धांत आहे. त्यापासून पारिभाषिक शब्द घडवावा असं कुणाला वाटलं नाही, कारण तो स्वयंपाकघरातही बोलला जातो.

सामूहिक नेणिवेचा विचार झुरिचच्या कार्ल युंग यांचा. व्हिएन्नाशी त्यांचं 1913 मध्ये फाटलं. झुरिचकरांच्या मते प्रतीक म्हणजे लपवाछपवी नव्हे. एरवी बोलता येत नाही ते बोलण्याची ती भाषा. हे गृहस्थ 1937-38 च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले, कलकत्त्यात आजारी पडले, आणि त्यांना तिथे स्वप्न पडलं ते इंग्लंडजवळच्या बेटाचं. स्वप्नानं आपल्याला युरोपच्या कामाकडे परत बोलावलं, असा अर्थ त्यांनी लावला. कलकत्त्यात तोवर मनोविश्लेषणाचं, म्हणजे याच विद्येचं, मंडळ सुरू होऊन पंधरा वर्षं झाली होती. 1922 मध्ये ते स्थापन करणाऱ्या डॉक्टरांनी बंगालीत 'स्वप्न' नावाचं पुस्तक 1928 मध्ये लिहिलं आणि व्हिएन्नाशी पत्रातून वादही घातला. त्यांचं म्हणणं, मनात प्रत्येक इच्छेसोबत तिच्या उलट इच्छा असते. व्हिएन्नानं आदर दाखवला, मत बदललं नाही.

नागपुरात प्रतीकाबद्दलचा सर्वांत धीट निर्णय मला मानसशास्त्राच्या पुस्तकात नाही, दीक्षाभूमीवर मिळणाऱ्या पुस्तकात सापडतो. महामायेचं स्वप्न जुन्या पाली कथेत असं येतं: सोंडेत पांढरं कमळ धरलेला शुभ्र हत्ती तिला तीन प्रदक्षिणा घालतो आणि उजव्या कुशीत शिरतो. भारहूतच्या प्राचीन बौद्ध शिल्पातही हत्ती आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे ज्यांनी दीक्षा दिली, त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात 1957 मध्ये मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात महामायेचं स्वप्न आहे, हिमालय आहे, सालवृक्ष आहे, मानसरोवर आहे. हत्ती नाही. त्याच्या जागी सुमेध नावाचा बोधिसत्त्व समोर येतो आणि विचारतो, की मी शेवटचा जन्म घ्यायचं ठरवलं आहे, तू माझी आई होशील का? ती आनंदानं हो म्हणते आणि जागी होते. प्रतीक काढलं आणि संमती घातली. घरातल्या कॅलेंडरवर हत्ती आणि कपाटातल्या ग्रंथात प्रश्न, अशी दोन्ही उत्तरं नागपुरातल्या कितीतरी घरांत एकत्र नांदतात.

त्यानंतरची गोष्ट प्रयोगशाळेतली. 1953 मध्ये शिकागोच्या एका संशोधक विद्यार्थ्यानं, आधी स्वतःच्या मुलावर यंत्र लावून, झोपेतल्या डोळ्यांच्या झपाट्याच्या हालचाली टिपल्या. त्या चालू असताना 27 वेळा लोकांना उठवलं, 20 वेळा स्वप्नाचं तपशीलवार वर्णन मिळालं. 1977 मध्ये हार्वर्डच्या दोघांनी सांगितलं, की मेंदूच्या देठातून उसळणाऱ्या लहरींना वरचा मेंदू कशीबशी गोष्ट जोडतो, तेच स्वप्न, त्यात छुपा मजकूर शोधू नका. वीसेक वर्षं हेच चाललं. मग मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं, की देठ शाबूत असूनही पुढच्या भागातले इच्छा-प्रेरणेशी जोडलेले तंतू तुटले तर स्वप्नं बंद पडतात. चरकांचं निष्फळ 'प्रार्थित' पुन्हा चर्चेत आलं. प्रतीकांची यादी आली नाही.

2018 मध्ये इस्रायलमधल्या 210 जणांवर दात पडण्याच्या स्वप्नाचा अभ्यास झाला. ही स्वप्नं मानसिक ताणाशी जुळली नाहीत. जुळली ती उठल्यावर दात, हिरड्या आणि जबड्यात जाणवणाऱ्या ताठरपणाशी. चरकांच्या यादीत याला 'दोषज' म्हणतील. माझ्या आजीला असलं स्वप्न पडायचं तेव्हा ती सकाळी कुणाशी बोलायची नाही. "दात पडल्याचं सपन कोनाले सांगू नोको, पयले तुयशीले सांग," हा तिचा नियम. तुळशीला सांगून झालं की चहा, आणि चहा प्यायची ती डाव्या बाजूनं, कारण उजवीकडची दाढ हलत होती.