होम प्लेटवरील टक्करबंदी

बेसबॉलमध्ये धाव पूर्ण करायला येणारा धावक आणि होम प्लेट (जिथे धाव पूर्ण होते तो शेवटचा बेस) राखणारा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा क्षेत्ररक्षक, यांची टाळता येण्याजोगी धडक रोखणारा नियम. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने खेळाडूंच्या संघटनेच्या संमतीने तो २४ फेब्रुवारी २०१४ रोजी जाहीर केला. सुरुवातीला तो एका हंगामापुरता प्रयोग होता आणि त्याचा क्रमांक ७.१३ होता. पुढच्या वर्षी नियमपुस्तकाची फेरमांडणी झाली, तेव्हापासून तो ६.०१ (आय) या क्रमांकाखाली कायम आहे. त्याआधी अनेक पिढ्या ही धडक खेळात चालत आली होती. ती मारणाऱ्याला जिगरबाज म्हणत आणि सोसणाऱ्याला त्याहून जिगरबाज. खेळावर आधारित व्हिडिओ गेमनीही तिला बराच काळ एक खास चाल म्हणून मिरवले.

धडकेचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. बेसबॉलच्या चौकोनात चार बेस एकमेकांपासून ९० फुटांवर असतात. बेसवर नसलेल्या धावकाला क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात किंवा ग्लोव्हमध्ये धरून स्पर्श केला की तो बाद होतो. पण स्पर्श करताना चेंडू सुटला, तर धावक वाचतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पोचणाऱ्याला तिथेच थांबावे लागते, कारण पुढे घसरला तर तो स्पर्शाने बाद होऊ शकतो. म्हणून तो वेग आवरतो. होम प्लेटला मात्र एकदा पाय लागला की धाव झाली, थांबायची गरजच उरत नाही. त्यामुळे धावक पूर्ण वेगाने येऊ शकतो, आणि वाटेत कॅचर असेल तर त्याला उडवून चेंडू पाडणे हाच त्याच्या फायद्याचा मार्ग ठरतो. समोर कॅचरची नजर बहुतेक वेळा मैदानातून येणाऱ्या चेंडूवर असते. मुखवटा त्याने भिरकावलेला असतो आणि अंग अर्धवट वळलेले असते. क्रिकेटमध्ये यष्टी उडवल्या की काम होते, धावणाऱ्या फलंदाजाला कोणी शिवायचे नसते. त्यामुळे यष्टिरक्षकाला आडवे पाडून काही मिळत नाही. बेसबॉलमध्ये मिळत होते. हा सगळा प्रकार खेळाडूंच्या स्वभावापेक्षा त्या हिशेबातून जन्मला, हे लक्षात घेतले तर बंदीचा मसुदा असा का झाला ते कळते.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. जुन्या नियमपुस्तकातही चेंडू हातात नसताना कॅचरने धावकाची वाट अडवू नये असे स्पष्ट लिहिलेले होते. अडथळ्याच्या नियमाला जोडलेल्या टिपेत ती वाट धावकाची आहे, असेच म्हटले होते. पंच ते फारसे लावत नसत. कॅचर चेंडू येण्याआधीच गुडघा टेकून प्लेट झाकत, धावक खांदा पुढे करत, आणि दोघेही आपापल्या परीने नियम वाकवत असल्याने कोणी तक्रार करत नसे. २०१४चा नियम अगदी नवा म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे. त्याचा निम्मा भाग जुन्याच मनाईला धार लावणारा आहे.

या धडकेचे सर्वाधिक चघळले गेलेले उदाहरण १४ जुलै १९७०चे. सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट स्टेडियमवर ऑल-स्टार सामना होता, मेजर लीगच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या निवडक खेळाडूंचा. म्हणजे लीगच्या क्रमवारीत ज्याचे काहीच मोल नाही असा प्रदर्शनीय सामना. बाराव्या डावात जिम हिकमनच्या फटक्यावर पीट रोझ दुसऱ्या बेसवरून धावत सुटला. प्लेटपाशी क्लीव्हलंडचा तरुण कॅचर रे फॉसी उभा होता. रोझने त्याला खांद्याने उडवले आणि रोझच्या बाजूने, नॅशनल लीगने, सामना ५-४ असा जिंकला. रोझ सिनसिनाटीचाच, त्यामुळे स्टेडियम दणाणून गेले. फॉसीचा डावा खांदा मोडला होता, पण पहिल्या एक्स-रेत ते दिसले नाही आणि तो तसाच खेळत राहिला. त्या हंगामात सामन्याआधी त्याचे १६ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे सीमापार फटके) होते, नंतर फक्त २ झाले. तो १९७९पर्यंत खेळला, मात्र पुन्हा तसा फटकेबाज कधी झाला नाही. रोझचे समर्थक म्हणत राहिले की जिंकण्यासाठीच खेळायचे असते. प्रदर्शनीय सामन्यात कोणासाठी काय जिंकायचे होते, हा प्रश्न विचारणारेही तेव्हापासूनच होते. तरी नियम बदलायला आणखी ४४ वर्षे लागली.

निर्णायक ठरली ती २५ मे २०११ची घटना. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि फ्लोरिडा मार्लिन्स यांची ६-६ बरोबरी होती, बारावा डाव चालू होता. उजव्या मैदानात उंच गेलेला झेल पकडला गेल्यावर तिसऱ्या बेसवरचा मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स धावला. कॅचर बस्टर पोझी आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आणि विश्वविजेत्या जायंट्सचा आधारस्तंभ होता. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये राहिला नाही, आणि प्लेटचा काही भाग मोकळा असूनही कझिन्स थेट त्याच्यावर आदळला. पोझीचा डावा पाय अंगाखाली मुडपला. पायाच्या नळीचे बारीक हाड मोडले, घोट्याचे स्नायुबंध फाटले आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मार्लिन्स ७-६ने जिंकले. कझिन्सने तेव्हाचा कोणताही नियम मोडला नव्हता, तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पोझी २०१२मध्ये परतला, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जायंट्स पुन्हा विश्वविजेते झाले. अनामिक कॅचरचा पाय मोडता तर लीग इतकी हलली असती का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

बदलासाठी सर्वांत नेटाने बोलणारे बहुतेक जण स्वतः माजी कॅचर होते. जायंट्सचे व्यवस्थापक ब्रूस बोची त्यातले एक. सेंट लुइस कार्डिनल्सचे माइक मॅथेनी दुसरे, ज्यांना डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे खेळ सोडावा लागला होता. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांची चर्चा त्या काळात अमेरिकन फुटबॉलमुळे सगळीकडे चालू होतीच. मेजर लीगनेही २०११पासून अशा दुखापतींसाठी सात दिवसांची वेगळी जखमी खेळाडूंची यादी सुरू केली होती. डिसेंबर २०१३मध्ये नियम समितीने बंदीच्या बाजूने कौल दिला आणि दोन महिन्यांत मसुदा तयार झाला.

नियमाच्या दोन बाजू आहेत. धावकाने कॅचरवर आदळण्यासाठी आपली सरळ वाट सोडायची नाही. प्लेटला शिवण्याचा प्रयत्नच न करणे, खांदा खाली घालणे, हातांनी किंवा कोपरांनी ढकलणे ही उल्लंघनाची लक्षणे मानली जातात. पंचाला तसे वाटले तर कॅचरच्या हातून चेंडू पडला तरी धावक बाद ठरतो. या एका वाक्याने धडकेचा जुना फायदा मुळातून काढून घेतला. खेळ तिथेच थांबला असे धरून बाकीचे धावक धडकेच्या क्षणी शेवटी शिवलेल्या बेसवर परत जातात. नीट घसरत येणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. पायांनी घसरताना पाय आणि बैठक, डोक्याने झेपावताना धड, आधी जमिनीला लागले पाहिजे. दुसरीकडे, चेंडू जवळ नसताना कॅचरने वाट अडवली तर धावक सुरक्षित ठरतो. फेकलेला चेंडू घेण्यासाठी वाटेत येणे भागच असेल तर ती चूक धरत नाहीत.

कागदावर हे सोपे वाटते. मैदानावर पहिलाच हंगाम गोंधळात गेला, आणि योगायोगाने त्याच वर्षी व्हिडिओ पुनरावलोकनाचा विस्तार झाला होता. ३१ जुलै २०१४ रोजी मायामीत सिनसिनाटीचा झॅक कोझार्ट प्लेटपाशी सरळसरळ बाद झाला. चेंडू त्याच्या कितीतरी आधी पोचला होता. सहा मिनिटांहून जास्त वेळ चित्रफीत तपासल्यावर कॅचर जेफ मॅथिस चेंडू येण्याआधी वाटेत उभा होता म्हणून कोझार्टला सुरक्षित ठरवले आणि सामन्याचा निकाल फिरला. मार्लिन्सचे व्यवस्थापक माइक रेडमंड, तेही जुने कॅचर, इतके भडकले की पंचांनी त्यांना बाहेर काढले. सप्टेंबरमध्ये लीगने पंचांना खुलासा पाठवला: धावक आधीच हुकला असेल आणि कॅचरच्या उभे राहण्याने त्याला प्रत्यक्ष अडथळा झाला नसेल, तर निव्वळ तांत्रिक कारणाने त्याला वाचवू नये. हे आधीच लिहायला हवे होते.

कॅचरांनी मात्र पटकन जुळवून घेतले. आता ते प्लेटच्या पुढे उभे राहतात, चेंडू घेतात आणि हात मागे फिरवत धावकाला शिवतात. धावक बाजूने घसरत हाताने प्लेट गाठायला बघतात. धडका संपल्या असे नाही. २०१७मध्ये शिकागोचा अँथनी रिझो सॅन डिएगोच्या ऑस्टिन हेजेसवर आदळला. लीगने ते उल्लंघन असल्याचे सांगितले, शिक्षा केली नाही. ७ जुलै २०१९ला ह्यूस्टनचा जेक मॅरिस्निक कॅचर जोनाथन लुक्रॉयवर धडकला, तेव्हा लुक्रॉयचे नाक मोडले आणि मेंदूला हादरा बसला. मॅरिस्निकला त्यावर दोन सामन्यांची बंदी मिळाली. त्याने आतली वाट निवडली आणि कॅचरही नेमका तिकडेच सरकला, असे त्याचे म्हणणे होते, आणि चित्रफीत पाहून त्याला खोटे ठरवणे सोपे नाही. पूर्ण वेगात असलेल्या माणसाचा हेतू पंचाने ओळखायचा, ही या नियमाची कायमची अडचण आहे.

मेजर लीग यात पुढे नव्हती. शालेय, महाविद्यालयीन आणि लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये असे निर्बंध आधीपासून होते. जपान आणि दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक लीगनी २०१६मध्ये तसाच नियम घेतला. त्याच वर्षी मेजर लीगने दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षकाचे पाय उडवणाऱ्या घसरणीवरही बंधन आणले. त्याला ऑक्टोबर २०१५मध्ये चेस अटलीच्या घसरणीत मोडलेला रुबेन तेहादाचा पाय कारणीभूत होता.

व्हिडिओ गेमांचा प्रवास उलट्या दिशेने सुरू झाला. १९९१च्या निन्टेंडोवरील ‘बेस वॉर्स’मध्ये खेळाडू यंत्रमानव होते. धावक आणि चेंडू एकाच वेळी बेसवर पोचले की दोघांची चक्क मारामारी होई आणि जिंकेल त्याच्या बाजूने निकाल लागे. मिडवे कंपनीच्या २००२च्या ‘एमएलबी स्लगफेस्ट’मध्ये खऱ्या संघांचे खेळाडू धावता धावता गुद्दे घालत. हे उघड उघड थट्टेचे गेम होते. ईए स्पोर्ट्सची ‘एमव्हीपी बेसबॉल’ मालिका मात्र वास्तवाचा दावा करणारी, आणि तिच्या २००४च्या आवृत्तीत उजवी स्टिक ढकलून कॅचरला आडवे पाडता येई. झेपावून झेल घेणे, भिंतीवर चढणे आणि कॅचरला उडवणे ही सगळी एकाच पंगतीतली ‘मोठी चाल’ म्हणून दिलेली होती. तेव्हाच्या प्रक्षेपणातही धडकेला हाच मान होता, त्यामुळे गेमला दोष देण्यात अर्थ नाही.

गेममध्ये धडक ही निवड असते, पण परिणाम नसतो. कॅचर उठून कपडे झटकतो आणि पुढचा चेंडू टाकला जातो. फॉसीचे हरवलेले होम रन किंवा पोझीचा गमावलेला हंगाम बटणाच्या हिशेबात येत नाही. म्हणून खेळणारा प्रत्येक चुरशीच्या क्षणी तेच बटण दाबतो, खऱ्या मैदानावर असे कधी झाले नाही. बंदीनंतर अडचण वेगळ्या तऱ्हेची झाली. संगणकाला धावकाची वाट, वेग आणि चेंडूची जागा अचूक माहीत असते, पण नियम विचारतो तो हेतू त्याच्याकडे नसतोच. ढकलण्याचे बटण काढून टाकले की उल्लंघनही नाहीसे होते, आणि त्याबरोबर पंचाचा निर्णय, वाद, व्यवस्थापकाचा थयथयाट हेही. प्लेटजवळचा खेळ त्यामुळे गेममध्ये प्रत्यक्षापेक्षा नीटनेटका होऊन बसतो.

बाजारही याच सुमारास आकसला. २००५मधल्या कराराने ‘एमएलबी टूके’ या गेम मालिकेच्या कंपनीला मेजर लीगचे परवाने मिळाले, सोनीसारख्या गेमयंत्रे बनवणाऱ्या कंपन्या सोडून इतरांना ते मिळेनासे झाले आणि ‘एमव्हीपी’चे दार बंद झाले. टूकेची शेवटची आवृत्ती २०१३ची. नियम आला त्या २०१४मध्ये वास्तवदर्शी प्रकारात सोनीची ‘एमएलबी द शो’ एवढीच मोठी मालिका उरली होती. अमेरिकन फुटबॉलच्या गेमांमध्ये अशी पावले आधी पडली होती. ‘मॅडन’च्या २०११मध्ये आलेल्या आवृत्तीत मेंदूला हादरा बसलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, आणि २०१२मध्ये नव्याने आलेल्या ‘एनएफएल ब्लिट्झ’मधून शिट्टी वाजल्यानंतरचे फटके काढून टाकले गेले. त्या फटक्यांसाठीच तर मूळ गेम लोकप्रिय झाला होता.