आरोग्य तंत्रज्ञानाची समावेशक रचना

वैद्यकीय उपकरणे, संगणकप्रणाली व मोबाइल ॲप घडवताना ती ज्यांच्यासाठी आहेत त्या सर्वांचा, म्हणजे वेगवेगळ्या वर्णांच्या, वयांच्या, लिंगांच्या आणि अपंग व्यक्तींचाही, पहिल्या आराखड्यापासून विचार करण्याची पद्धत. या क्षेत्रातला भेदभाव सहसा कोणी मुद्दाम केलेला नसतो. चाचणीला कोणाला बसवले आणि मोजायचे काय ठरवले, यांतूनच तो शिरतो.

पल्स ऑक्सिमीटर बोटातून तांबडा व अवरक्त प्रकाश सोडतो आणि तो किती शोषला गेला त्यावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. पण त्वचेला काळसर रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्यही प्रकाश शोषते. काळ्या त्वचेवर हे उपकरण चुकते, हे १९९० मध्येच नोंदले गेले होते. त्याची खरी दखल घ्यायला कोविडची साथ यावी लागली. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णालयातील नोंदी पडताळल्या. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असल्याचे कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के तपासण्यांत आढळले, तर गोऱ्यांच्या ३.६ टक्के. ऑक्सिजन कोणाला द्यायचा हे याच आकड्यावर ठरत होते.

संगणकीय निर्णयप्रणालींत दोष आणखी आत दडतो. जादा देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडणाऱ्या एका अमेरिकी प्रणालीत वर्णाची माहिती भरलेलीच नव्हती. तिने आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च मोजला. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत असल्याने ते तिला कमी आजारी वाटले. हा दोष काढल्यास जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

मधुमेहाने दृष्टी अधू होऊ शकते. तरी रक्तशर्करा मोजणारी कित्येक यंत्रे आकडा फक्त पडद्यावर दाखवतात, बोलून सांगत नाहीत. हे विसरणे अक्षम्यच म्हणावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सहा तत्त्वे मांडली; समावेशकता व समन्याय हे त्यांतले एक. दूरस्थ आरोग्यसेवा अपंगांना वापरता यावी यासाठी २०२२ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह मानकही काढले.

रुग्णांना आराखड्याच्या वेळीच सोबत घ्यावे, हा आग्रह अपंगांच्या चळवळीतून आला. व्यवहारात मात्र त्यांना बहुधा तयार वस्तू दाखवून मत विचारले जाते, आणि तोवर मोठा बदल परवडेनासा झालेला असतो.