डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट : नाव का बदललं?

एसक्यूलाइट हा माहिती तक्त्यांत साठवणारा डेटाबेस, आणि त्याच्या फायली उघडून बघायचं, बदलायचं सॉफ्टवेअर म्हणजे ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’. हे नाव तोंडात बसायला वेळ लागतो. आधीचं ‘एसक्यूलाइट डेटाबेस ब्राउझर’ त्यापेक्षा सुटसुटीत होतं. ते ऑगस्ट २०१४ मध्ये बदललं, आणि तशी विनंती केली होती खुद्द एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांनी. कारण समजायला नौदलाच्या एका जहाजापर्यंत मागे जावं लागतं.

२००० साली हिप जनरल डायनॅमिक्समार्फत अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला इजा झाली तर पाइपांचे कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, कोणते उघडायचे, हे त्यातून ठरवायचं होतं. माहिती इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर असे. सर्व्हर बंद पडला की ‘संपर्क होत नाही’ हा संदेश मात्र हिप यांच्या प्रोग्रॅममध्ये झळके आणि बोलही त्यालाच लागे. मग सर्व्हर हवाच कशाला, प्रोग्रॅमनेच डिस्कवरची फाइल थेट वाचावी, असं त्यांना वाटलं. ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली ती या विचारातून. पुढे तिच्या कोडवरचा मालकी हक्कही सोडून देण्यात आला. तो कुणीही, कशासाठीही वापरावा. अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आज हाच डेटाबेस आहे.

सर्व्हरबरोबर पासवर्ड, पोर्ट, प्रशासक हा सगळा पसारा गेला. उरली एक फाइल, पेन ड्राइव्हवर टाकून कुठेही नेता येईल अशी. पण ती नोटपॅडमध्ये उघडली तर नुसतं गिचमिड दिसतं. एसक्यूलाइटसोबत कमांडलाइनचं, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं साधन मिळतं आणि ते उत्तमही आहे, मात्र एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा न येणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही.

ही उणीव भरून निघाली ब्राझीलमधून. ताबुलेइरो या कंपनीचा ‘आर्का डेटाबेस एक्स्ट्रा’ नावाचा, दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचा विकाऊ घटक एसक्यूलाइटवर उभा होता. त्याच्या जोडीला फुकट देण्यासाठी मॉरिसियो पियासेंतिनी यांनी ‘आर्का डेटाबेस ब्राउझर’ लिहिला. पुढे त्यातला आर्कापुरता भाग छाटून तो साध्या एसक्यूलाइट २ च्या फायली उघडेल असा केला, नाव बदललं आणि कोड सार्वजनिक करून टाकला. स्वतःच्या मालाची जोडवस्तू अशी सोडून देणं मला फार मोलाचं वाटतं. तो कोड मोकळा होता म्हणूनच पुढे दुसऱ्यांना तो हाती घेता आला. आज गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक तो सांभाळतात आणि परवाना मोझिला व जीपीएल या दोन खुल्या परवान्यांचा मिळून दुहेरी आहे.

मधल्या काळात, २००४ साली, एसक्यूलाइट ३ आली. तिच्या फाइलीची रचना आधीच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, त्यामुळे ब्राउझरलाही बदलावं लागलं.

आता नावाकडे. ‘एसक्यूलाइट डेटाबेस ब्राउझर’ म्हटल्यावर तो एसक्यूलाइटवाल्यांचाच, असं कुणालाही वाटणार. ब्राउझरबद्दलचे प्रश्न हिप यांच्या दारी जाऊ लागले. ज्यांनी दुसऱ्याच्या सर्व्हरचा ठपका सोसून एसक्यूलाइट लिहिली, त्यांच्याकडेच पुन्हा दुसऱ्याच्या कामाची विचारणा. नव्या नावातला ‘फॉर’ हा शब्द हे नातं स्पष्ट करतो: हा एसक्यूलाइटचा नाही, एसक्यूलाइटसाठी आहे.

चुकीच्या दारी तक्रार जाण्याची एक जागा मात्र अजून आहे, आणि नवख्याला ती आधीच सांगायला हवी. या ब्राउझरमध्ये तक्त्यातला आकडा बदलला तरी तो लगेच पक्का होत नाही. ‘राइट चेंजेस’ दाबावं लागतं. ‘रिव्हर्ट चेंजेस’ने सगळं पूर्ववत करता येतं, म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण दोन्हींपैकी काहीच न दाबता खिडकी उघडी ठेवली, तर फाइलीवरचं लिहिण्याचं कुलूप ब्राउझरकडेच राहतं. त्याच फाइलीत लिहू पाहणारा तुमचा प्रोग्रॅम मग ‘डेटाबेस इज लॉक्ड’ म्हणून थांबतो, आणि माणूस त्या प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसतो.