दूरनियंत्रित खेळवाहन : खडबडीत जमिनीवरील स्थैर्य

रेडिओ लहरींच्या साहाय्याने लांबून चालविल्या जाणाऱ्या खेळण्यातील मोटारीचा खाचखळगे, दगडगोटे व उतार यांवरून जाताना न उलटण्याचा आणि चाकांची पकड टिकविण्याचा गुण. यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. वाहन उलटू नये ही एक, आणि सर्व चाके जमिनीला टेकलेली राहावीत ही दुसरी. पहिलीसाठी वाहन बुटके, रुंद व ताठ असावे लागते, तर दुसरीसाठी ते उंच व लवचिक लागते. आराखड्याची बहुतेक ओढाताण या दोन मागण्यांमधली असते.

पूर्वपीठिका : दूरनियंत्रित वाहनाचा आरंभ निकोला टेस्ला यांच्या 1898 मधील रेडिओनियंत्रित नौकेपासून धरण्याचा प्रघात आहे. ही नौका न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दाखविण्यात आली व तिला त्याच वर्षी अमेरिकेचे 613,809 क्रमांकाचे पेटंट मिळाले. तथापि नौकेला खड्डे लागत नाहीत. जमिनीवरील वाहनाचाच विचार करावयाचा तर स्पॅनिश अभियंते लेओनार्दो तोरेस केवेदो यांचा दावा अधिक बळकट ठरतो. त्यांनी आपल्या ‘टेलेकिनो’ या यंत्रणेची माहिती 1903 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली आणि 1904 च्या सुमारास माद्रिदमध्ये एका तीनचाकी विद्युत् गाडीवर तिची चाचणी घेतली. नियंत्रणाचा पल्ला जेमतेम 20–30 मीटर होता. या दोन्ही प्रयोगांचा हेतू खेळण्याचा नव्हता, त्यामुळे त्यांना खेळवाहनाचे थेट पूर्वज म्हणणे थोडे ओढूनताणून होते.

बाजारात आलेल्या पहिल्या रेडिओनियंत्रित मोटारीचा मान सामान्यतः ‘एल-जी’ या इटालियन कंपनीच्या 1966 च्या सुमाराच्या फेरारी प्रतिकृतीला देतात; काही लेखक ब्रिटनमधील इंधनावर चालणाऱ्या गाड्यांना महत्त्व देतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा वाद गौण आहे, कारण त्या गाड्या सपाट जमिनीसाठीच होत्या. जपानच्या तामिया कंपनीची 1976 ची पोर्शे 934 सुद्धा रस्त्यावरचीच गाडी होती. खडबडीत जमीन हा आराखड्याचा मुख्य विषय झाला तो याच कंपनीच्या 1979 मधील ‘रफ रायडर’ व ‘सँड स्कॉर्चर’ या वाळवंटी बग्गींपासून. त्यांत तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर होते. 1984 मध्ये अमेरिकेतील ॲसोसिएटेड कंपनीने काढलेल्या ‘आरसी10’ या गाडीने चारही चाकांना स्वतंत्र व लांब पल्ल्याचे निलंबन (सस्पेन्शन) दिले. त्यापूर्वीच्या बग्गी खऱ्या मोटारीची रचना लहान करून घेत. आरसी10 मात्र खेळवाहनाचाच स्वतंत्र विचार करते. बदलाची रेघ येथे ओढणे रास्त वाटते.

उलटण्याचे गणित : वाहन आडव्या उतारावर कधी कलंडेल हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरते. या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की कलंडण्याच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन्जन्ट) मिळते. समजा, गाडीचे वजन 2.5 किग्रॅ., चाकांतील अंतर 20 सेंमी. व गुरुत्वमध्य जमिनीपासून 9 सेंमी. वर आहे. ती सुमारे 48 अंशांवर कलंडेल. आता वजन वाढवून गाडी ‘जड व स्थिर’ करावी म्हणून प्रत्येक चाकात 100 ग्रॅम पितळ घातले (चाकाची त्रिज्या 5.5 सेंमी.), तर कोन 49.6 अंशांपर्यंत जातो. त्याऐवजी मूळ गाडीतील 300 ग्रॅमची बॅटरी 12 सेंमी. उंचीवरून 6 सेंमी.वर आणली, तर तो 50.4 अंश होतो, आणि वजन एक ग्रॅमनेही वाढत नाही. हौशी मंडळी तरीही पितळाचा मार्ग धरतात. त्याला कारण वेगळे आहे. पुढच्या चाकांतील वजनाने गुरुत्वमध्य पुढे सरकतो व उभ्या चढावर गाडीचे नाक उचलले जात नाही.

वरील कोन ताठ गाडीचा आहे. निलंबन मऊ असेल तर उतारावर अंग खालच्या बाजूला झुकते, गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो आणि गाडी हिशेबापेक्षा आधीच कलंडते. गाडी फळीवर आडवी ठेवून एक कड हळूहळू उचलावी, वरच्या बाजूची चाके फळी सोडतात तो कोन मोजावा. हा साधा प्रयोग गणितातील ही त्रुटी लगेच दाखवून देतो. चाके आधी घसरू लागली तर खालच्या कडेला बारीक पट्टी ठोकावी लागते.

आकारमानाचा परिणाम : लहान वस्तू मोठीपेक्षा लवकर कलंडते. कलंडण्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने 1:10 प्रमाणाची गाडी खऱ्या गाडीच्या सुमारे एक-तृतीयांश वेळात आडवी होते, आणि चालकाचा अंगठा हलेपर्यंत सारे आटोपलेले असते. वेगालाही हाच नियम लागू होतो. 1:10 ची गाडी ताशी 20 किमी. वेगाने धावत असेल, तर उलटण्याच्या दृष्टीने ती खऱ्या मोटारीच्या ताशी 63 किमी. वेगाशी तुल्य असते. खोक्यावर वेगाला सरळ दहाने गुणून छापलेला ‘प्रमाणित वेग’ ही जाहिरात आहे, यामिकी (बल व गती यांचे शास्त्र) नव्हे. शिवाय जमीन लहान होत नाही. मोटारीला न जाणवणारा 5 सेंमी.चा दगड या गाडीला अर्ध्या मीटरच्या शिळेसारखा असतो.

निलंबन : खडकांवर सावकाश चढणाऱ्या ‘क्रॉलर’ गाड्यांत अखंड आस चार दांड्यांनी चौकटीला जोडतात. एक चाक दगडावर चढले की दुसरे तितकेच खाली जाते व अंग मधोमध राहते. यातील एक व्याधी म्हणजे पीळ. विद्युत् मोटरचा जोर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या फिरत्या दांड्यातून आसापर्यंत पोहोचताना चौकट उलट बाजूला पिळली जाते, आणि ऐन चढावर पुढचे एक चाक हलके होते. स्प्रिंगा कडक केल्या तर पीळ घटतो, पण चाके जमीन सोडू लागतात. फिरत्या दांड्यातून जाणारा जोर कमी ठेवून अधिक गतिन्यूनन (दंतचक्रांनी फेरे घटवून जोर वाढविणे) थेट आसात करणे हा बरा उपाय होय.

स्प्रिंगाच नसलेली रचनाही आहे. मंगळावर 4 जुलै 1997 रोजी उतरलेल्या ‘सोजर्नर’ या सहाचाकी वाहनात ‘रॉकर-बोगी’ पद्धत होती. तिच्यात प्रत्येक बाजूची तीन चाके दोन सांधलेल्या दांड्यांवर असतात व दोन्ही बाजू एका विभेदी जोडणीने बांधलेल्या असतात. त्यामुळे अंगाचा पुढे-मागे होणारा कल दोन्ही बाजूंच्या कलांच्या सरासरीइतकाच राहतो. चाकाच्या व्यासाहून उंच दगडही असे वाहन ओलांडू शकते. मात्र ते अतिमंद गतीसाठीच आहे. सोजर्नर सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर चाले. खेळणाऱ्या मुलाकडे एवढा धीर नसतो.

विभेदी दंतचक्र : वळणावर दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे साधे विभेदी चक्र (डिफरन्शियल) दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, म्हणजे हवेत लटकलेल्या चाकाला लागेल तेवढाच. त्यामुळे एक चाक भिरभिरते व गाडी जागची हलत नाही. ते पूर्ण जखडले तर चढण सुधारते, पण वळण रुंदावते. मधला मार्ग म्हणून विभेदी चक्राच्या डबीत दाट सिलिकोन तेल भरतात. डबी उघडून थोडे घट्ट तेल घातले की सैल भिरभिरणारे चाक मधात फिरावे तसे फिरू लागते.

नियंत्रण : पूर्वीच्या खेळण्यांत 27 व 49 मेगाहर्ट्‌झ लहरी वापरत, आता 2.4 गिगाहर्ट्‌झचा प्रसार आहे. चिपवरील जायरोस्कोप गाडीची मागची बाजू सरकू लागल्यास सुकाणू उलट वळवितो. भर वेगात दगडावर आदळून उलटणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग होत नाही.

काही खेळण्यांत चाकेच अंगापेक्षा मोठी ठेवून उलटण्याच्या प्रश्नाला बगल दिली जाते. ती सुलटी वा उलटी, दोन्ही अंगांवर धावतात. एका कुशीवरून कोलांटून उलटी झाली की त्यांचे नाक पूर्वीच्याच दिशेला राहते, पण चालकाने ‘पुढे’ दाबले तर ती मागे जातात.