ऊर्जा-आयातदार देशातील अणुवीज आणि तिचे नियमन

तेल, वायू किंवा कोळसा यांपैकी एखादे प्रमुख इंधन ज्या देशाला मोठ्या प्रमाणात परदेशातून विकत घ्यावे लागते, तो ऊर्जा-आयातदार देश. असा देश अणुवीज उभारतो तेव्हा परावलंबन कमी व्हावे हा हेतू असतो. प्रत्यक्षात ते नाहीसे होत नाही, त्याचे स्वरूप बदलते. इंधनाच्या रोजच्या खरेदीऐवजी युरेनियमचे दीर्घ मुदतीचे करार, परदेशी तंत्रज्ञान, मोठे भांडवल आणि विश्वासार्ह नियामक यंत्रणा यांची गरज लागते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी पैसा आणि मुत्सद्देगिरी यांनी मिळवता येतात. नियामक यंत्रणा मात्र देशाला स्वतःच घडवावी लागते आणि बहुतेक देशांत हे काम रेंगाळलेले दिसते. प्रस्तुत नोंदीत भारताचा, आणि जेथे संबंध येतो तेथे सोलापूर जिल्ह्याचा, विचार केला आहे.

इंधनाचे गणित : सोलापूर जिल्ह्यात अणुवीज प्रकल्प नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचे ६६० मेगावॉटचे दोन संच अनुक्रमे २०१७ व २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. हे केंद्र पूर्ण भाराने चालवायचे तर दिवसाला सुमारे २० हजार टन कोळसा लागतो. मालगाडीच्या एका रेकमध्ये साधारण ४ हजार टन कोळसा मावतो, म्हणजे रोज पाच रेक वेळेवर येऊन रिकाम्या व्हाव्या लागतात. याउलट ७०० मेगावॉटच्या दाबित जड पाणी (हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचे पाणी) वापरणाऱ्या अणुभट्टीला वर्षभरासाठी शंभर-सव्वाशे टन नैसर्गिक युरेनियम पुरते. वजनाच्या हिशेबाने ते दोन वाघिणींत मावेल. त्यामुळे काही वर्षांचे इंधन आगाऊ घेऊन साठवणे शक्य होते, जे कोळशाच्या किंवा वायूच्या बाबतीत अशक्यप्राय आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या उन्हाळ्यात देशातील वीजकेंद्रांचे कोळशाचे साठे खालावले आणि काही प्रमाणात आयात कोळसा मिसळण्याचे निर्देश केंद्राने दिले. त्या वेळी साठवणुकीच्या या फरकाचे महत्त्व ठळकपणे समोर आले.

तरीही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. भारताच्या ऊर्जा-आयातीच्या बिलात सर्वांत मोठा वाटा खनिज तेलाचा आहे. ते प्रामुख्याने वाहतुकीत जळते आणि अणुवीज त्याची जागा थेट घेत नाही. अणुवीज कोळशाची आणि काही अंशी वायूची जागा घेते. तेलाच्या आयातीवरील उपाय म्हणून अणुवीज पुढे केली जाते, तेव्हा रेल्वेचे आणि वाहनांचे विद्युतीकरण किती झाले आहे हे विचारल्याशिवाय त्या युक्तिवादाला अर्थ राहत नाही.

भारताचा अनुभव : अणुऊर्जा आयोग १९४८ मध्ये आणि अणुऊर्जा विभाग १९५४ मध्ये स्थापन झाला. देशात युरेनियमचे साठे मर्यादित आणि कमी प्रतीचे, परंतु थोरियम मुबलक आहे. ही परिस्थिती लक्षात घेऊन होमी भाभा यांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवरील जड पाण्याच्या भट्ट्या, दुसऱ्यात त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियमवरील द्रुत प्रजनक (वापरतात त्याहून अधिक इंधन निर्माण करणाऱ्या) भट्ट्या आणि तिसऱ्यात थोरियम, असा हा क्रम होता. वीजनिर्मितीची सुरुवात मात्र या क्रमाबाहेरच्या, अमेरिकेतून आणलेल्या भट्ट्यांनी झाली. तारापूर येथील उकळत्या पाण्याचे दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले आणि त्यांना समृद्ध (म्हणजे विखंडनक्षम अंश वाढवलेले) युरेनियम लागत होते. ते ३० वर्षे पुरवण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि अमेरिकेच्या १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यानंतर हा पुरवठा थांबला. १९८२ पासून फ्रान्सने आणि पुढे चीन व रशियाने इंधन दिले. याच चाचणीनंतर कॅनडाने राजस्थान प्रकल्पातून अंग काढून घेतले आणि तेथील दुसरा संच भारतीय अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुरा केला. दोन ट्रकांत मावणाऱ्या इंधनावरून एखाद्या राज्याची वीज अडू शकते, हे महाराष्ट्राने तारापूरच्या निमित्ताने पाहिले.

स्वदेशी इंधनाचीही अडचण आली. २००७ ते २००९ या काळात देशातील खाणींचे उत्पादन अपुरे पडल्याने अणुभट्ट्या सुमारे निम्म्या क्षमतेने चालवाव्या लागल्या. सप्टेंबर २००८ मध्ये अणुइंधन व तंत्रज्ञान विकणाऱ्या अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला आपल्या निर्बंधांतून सूट दिली, त्यानंतर कझाकस्तान, रशिया, कॅनडा आणि फ्रान्स येथून युरेनियम येऊ लागले. हे आयात इंधन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखालील भट्ट्यांतच वापरता येते. उरलेल्या भट्ट्या देशी युरेनियमवर चालतात. २०२५ मध्ये देशाची अणुवीजक्षमता सुमारे ८,८०० मेगावॉट होती आणि एकूण वीजनिर्मितीत तिचा वाटा साधारण ३ टक्के होता. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. लहान मॉड्युलर (कारखान्यात सुटे भाग तयार करून जागेवर जोडायच्या) अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी त्यात २० हजार कोटी रुपयांची तरतूद असून २०३३ पर्यंत अशा किमान पाच स्वदेशी भट्ट्या चालू करण्याचे ठरले आहे. आजवरचा वेग पाहता या उद्दिष्टाकडे सावधपणेच पाहावे लागते.

नियमनाचा प्रश्न : ज्या सरकारला वीज हवी असते, जे प्रकल्पाचे मालक असते आणि ज्याने आयात घटवण्याचे आश्वासन दिलेले असते, त्याच सरकारच्या अधिपत्याखालील नियामकाने भट्टी बंद ठेवण्याचा आदेश द्यायचा, हा नियमनातील मूळ पेच आहे. आयातदार देशात तो अधिक तीव्र होतो, कारण बंद भट्टीचा प्रत्येक दिवस म्हणजे आयात इंधनावरचा खर्च. अणुसुरक्षेविषयीच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवर्तक आणि नियामक यांची कामे परिणामकारकपणे वेगळी ठेवण्याचे बंधन आहे.

जपानचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक बोलके आहे. तेथील नियामक संस्था अणुवीजेला उत्तेजन देणाऱ्या अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयातच होती. मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने शासन, नियामक आणि वीज कंपनी यांच्या संगनमतावर बोट ठेवले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये नवे नियमन प्राधिकरण अस्तित्वात आले. दरम्यान भट्ट्या बंद पडल्याने द्रवरूप वायूची आयात वाढली आणि २०११ मध्ये जपानचा परदेशी व्यापार अनेक दशकांनंतर तुटीत गेला. नियमनातील ढिलाईने जी आयात वाचली असे वाटत होते, तिची भरपाई अशी करावी लागली. फ्रान्सने १९७४ नंतर एकाच धर्तीच्या भट्ट्या झपाट्याने उभारून विजेचा सुमारे ७० टक्के वाटा अणुऊर्जेवर आणला, पण त्यालाही स्वतंत्र नियामकाचा कायदा करायला २००६ उजाडले. दक्षिण कोरियात सुट्या भागांची बनावट प्रमाणपत्रे २०१२-१३ मध्ये उघडकीस आली आणि काही भट्ट्या थांबवाव्या लागल्या.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालील आदेशाने स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. जागेची निवड, बांधकाम, चाचणी आणि चालवणे या प्रत्येक टप्प्यावर मंडळाची स्वतंत्र संमती लागते; चालवण्याचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो आणि दर १० वर्षांनी संपूर्ण सुरक्षा आढावा घ्यावा लागतो. मंडळाला प्रत्यक्ष अनुभवातून शिकावे लागले. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि केबल जळाल्याने केंद्राचा वीजपुरवठा सुमारे १७ तास पूर्ण खंडित झाला. भट्टी बंद झाली होती, तरी ती पुन्हा सक्रिय होऊ नये म्हणून कर्मचारी विजेऱ्या घेऊन अंधारात वर चढले आणि बोरॉनच्या द्रावणाच्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. किरणोत्सार बाहेर पडला नाही. या घटनेनंतर टर्बाइनची पाती आणि केबलची मांडणी यांबाबत देशभर बदल करण्यात आले. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या कार्यकाळात, १९९५ मध्ये, सुरक्षेच्या शंभराहून अधिक मुद्द्यांची यादी तयार झाली होती. पुढे मंडळाच्या स्वायत्ततेच्या अभावावर त्यांनी जाहीर टीका केली.

ही टीका निराधार नव्हती. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असत. २०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाला वैधानिक दर्जा आणि नियम करण्याचा अधिकार नसल्याकडे लक्ष वेधले. नव्या प्राधिकरणासाठी २०११ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्याने व्यपगत झाले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पाहणी पथकानेही स्वायत्ततेला कायद्याचा आधार देण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ या संक्षिप्त नावाच्या कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी नागरी दायित्व कायदा या दोहोंची जागा घेतली, मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि अणुवीज केंद्रे खासगी कंपन्यांना खुली केली. आधीच्या दायित्व कायद्यात चालकावर १,५०० कोटी रुपयांपर्यंतची जबाबदारी होती आणि सदोष साहित्य पुरवणाऱ्याकडून ती वसूल करण्याचा अधिकार चालकाला होता. याच कलमामुळे परदेशी पुरवठादार मागे राहिले, असे एका बाजूचे म्हणणे होते. भोपाळच्या अनुभवानंतर हे कलम हवेच होते, असे दुसऱ्या बाजूचे. रत्नागिरी जिल्ह्यातील ९,९०० मेगावॉटचा नियोजित जैतापूर प्रकल्प भूसंपादन, मासेमारी, भूकंपप्रवणता आणि विजेचा दर या वादांसह या दायित्वाच्या प्रश्नातही अडकून राहिला.

सोलापूर जिल्हा : नियामक मंडळाचा संबंध केवळ अणुभट्ट्यांशी येतो, हा समज चुकीचा आहे. क्ष-किरण यंत्र, सीटी स्कॅन आणि किरणोपचार यंत्रणा असलेल्या प्रत्येक संस्थेला मंडळाच्या ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीतून परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते. सोनोग्राफीचे यंत्र यात येत नाही. त्याची नोंदणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली होते. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयासारख्या किरणोपचार केंद्रांवर हे नियम विशेष काटेकोरपणे लागू आहेत. बार्शीलाच १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. किरणोत्साराशी काम करणारा तंत्रज्ञ छातीवर, शिशाच्या अॅप्रनच्या आत, टीएलडी बॅज (मिळालेला किरणोत्सार नोंदवणारा बिल्ला) लावतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. साधारण दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तेथे चकत्या तापवल्या की बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून मिळालेली मात्रा मोजतात. कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) ही मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती १ मिलिसिव्हर्ट आहे.

विजेच्या बाजूने पाहता, ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झालेल्या ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर–सोलापूर वाहिनीमुळे दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी एकाच वारंवारतेवर जोडले गेले. तेव्हापासून दक्षिणेतील कैगा आणि कुडनकुलम येथील अणुवीज आणि पश्चिमेकडील तारापूर, काकरापार येथील अणुवीज एकाच जाळ्यात वाहते. शहरातल्या यंत्रमागावर चादर किंवा टॉवेल विणला जातो तेव्हा त्यातील नेमकी कोणती वीज कोणत्या केंद्राची, हे वेगळे काढता येत नाही. महावितरणच्या खरेदीतील अणुवीजेचा हिस्सा मात्र हिशेबात दिसतो.

जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागी लहान अणुभट्ट्या बसवण्याचा विचार अणुऊर्जा विभाग मांडत आहे. सोलापूरचे औष्णिक केंद्र नवे असल्याने हा प्रश्न येथे लवकर उद्भवणार नाही. उद्भवलाच तर पहिला मुद्दा पाण्याचा असेल. औष्णिक केंद्राप्रमाणे अणुकेंद्रालाही वाफ थंड करायला पाणी लागते आणि भट्टी बंद केल्यावरही उरलेली उष्णता काढत राहण्यासाठी ते खात्रीने उपलब्ध असावे लागते. जिल्ह्यात शेती, साखर कारखाने, शहर आणि औष्णिक केंद्र या सर्वांची मागणी उजनी धरणावर एकवटलेली आहे आणि सोलापूर शहराला नळाचे पाणी चार-पाच दिवसांआड मिळत आले आहे. दुष्काळी वर्षात उजनीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पाणी घ्यावे लागते, ही बाब नियामकाच्या जागा-निवड छाननीत विजेच्या मागणीच्या आधी तपासली जाईल.